खांबांचं उसनं डोकं

ईश्वरदास हेडाऊची आणि माझी ओळख भांडणातून झाली. प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या तोंडावर दिव्याचा खांब आहे. एक दिवस सकाळी पाहतो तर एक सडपातळ, पन्नाशीचा माणूस शिडी लावून त्यावर चढलेला, आणि माझ्या गॅलरीच्या अगदी समोर एक राखाडी डबा ठोकतोय. डब्याला काचेचा डोळा. मी सारी उमर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. आगाऊ माणसाला खाली उतरवायची सवय अंगात मुरलेली. तिथूनच ओरडलो, "ए भाऊ, उतर खाली! माझ्या घरात पाहाले डोळा काहून लावून राहिला?"

तो शांतपणे उतरला. पाना खिशात घातला, हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, त्याले तुमच्या घरात पाहाची फुरसत नाही. त्याच्या मागं लय कामं आहेत. अन् मी तुमच्याच मागच्या गल्लीत राहाले आलो. वरून फक्त वहिनीचे पापड दिसले. मस्त वाळून राहिलेत."

माझी बायको कामिनी आतून खो-खो हसली आणि पापड तळायलाच बसली. भांडण तिथं संपलं. वामनराव कोणाचं ऐकून घेत नाहीत असं गल्ली म्हणते, पण ईश्वरदासपुढे माझा आवाज कधी चढला नाही. असा गरीब स्वभाव की त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी आपलीच लाज वाटावी.

तो मूळचा गोळीबार चौकाकडचा, विणकराच्या घरातला. त्याच्या लहानपणी तिकडं घराघरात हातमाग होते. बापाच्या मागावर तोही बसला, मग माग बंद पडला. बुटीबोरीच्या एका गिरणीत काही वर्षं काढली, तिथली कापसाची धूळ छातीला मानवेना म्हणून शिडी धरली. आता एका ठेकेदाराकडे खांबावरचे हे डबे बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करत होता. घरी बायको पुष्पलता आणि म्हातारी आई, गोपिकाबाई. मुलगी उमरेडला दिलेली.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. डब्यात काय असतं ते त्यानंच मला समजावलं. कॅमेरा, आवाज ऐकणारं यंत्र, धूर हुंगणारं यंत्र, आणि या सगळ्यांनी गोळा केलेलं समजून घ्यायला एक छोटासा कॉम्प्युटर.

"डोकं लहान आहे भाऊ त्याचं," तो म्हणाला. "मोठं काम आलं की एकट्याले झेपत नाही. मंग तो बाकीच्या खांबाईले इचारते, कोणी रिकामं आहे का गा? जो रिकामा असन तो थोडं काम आपल्या डोक्यावर घेते. झालं की जवाब वापस धाडते. सारं काही दूरच्या मोठ्या मशीनकडं पाठवाची गरज नाही."

"म्हणजे खांबांचाही मोहल्लाच झाला," मी म्हटलं.

"मोहल्लाच न! आमच्या पाजणीसारखा."

पाजणी मला ठाऊक नव्हती. त्यानं सांगितली. मागावर चढवण्याआधी सुताला खळ पाजावी लागते. त्यासाठी सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, खळ लावायची, कुंच्यानं सारखं करायचं, सुकू द्यायचं. एका घरानं उरकेल असं ते काम नव्हे. म्हणून ज्याची पाजणी असेल त्याच्या दारात सकाळी सारी गल्ली उतरायची. आज तुझी, उद्या माझी. कोणी बोलावणं धाडत नसे, कोणी मजुरी मागत नसे. सूत ताणलेलं दिसलं की हातातलं काम टाकून जायचं, हा कायदा. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की मला त्या डब्यांचाही लोभ वाटायला लागला. मी आपला जाता-येता आमच्या खांबाला म्हणायचो, "काय गा, आज कोणाचं ओझं उचललं?" कामिनी म्हणे, म्हातारपणी यांना खांबाचा नाद लागला.

गोपिकाबाईचं डोकं मात्र रिकामं होत चाललं होतं. ऐंशीच्या पुढची बाई, नऊवारी लुगडं, पाठीत वाकलेली. दाराशी बसून दिवसभर तिची बोटं चाळवत राहायची, नसलेले धागे सांधत राहायची. लेकाला कधी ओळखायची, कधी "तुमी कोन जी?" म्हणायची. आणि मधूनच तिला वाटायचं की आपण परक्या गावी येऊन पडलो, घरी जायला पाहिजे. घर म्हणजे गोळीबार चौकाकडची ती जुनी गल्ली. नजर चुकवून निघायची आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहायची.

पहिल्यांदा हरवली तेव्हा ईश्वरदासनं या डब्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या मिनलला फोन केला. मिनल खापा गावची पोरगी, इंजिनिअर, पण या माणसाला "काका" म्हणून मान द्यायची. तिनं म्हातारीचा फोटो घालून खांबांना शोधायला लावलं. एका खांबाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं, पण शे-दोनशे खांबांनी वाटून घेतलं आणि माझा चहा निवायच्या आत बसस्टॉप सांगितला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. ईश्वरदास आईला हाताला धरून आणताना मिरवणुकीतल्यासारखा चालत होता.

पुष्पलताला हे पसंत नव्हतं. ती म्हणायची, दाराला वरून कडी लावू, नाहीतर गळ्यात फोन नंबराचा बिल्ला बांधू. ईश्वरदास ऐकेना.

"ढोर आहे का ते, बिल्ला बांधाले? मायले कोंडून ठेवू मी? साऱ्या गावात डोळे लावले म्या माझ्या हातानं. ते पाहून घेतीन."

"डोळे तुमचे आहेत का पण?" पुष्पलता म्हणाली. मी तिथंच बसलो होतो. तेव्हा मला ती उगाच कुरकुर करते असं वाटलं.

मग मारबतीचा दिवस आला. पोळ्याचा दुसरा दिवस. नागपूरला सुटी असते. अर्धं गाव काळी आणि पिवळी मारबत, ते दोन मोठाले पुतळे, मिरवून जाळताना पाहायला इतवारीत, उरलेलं अर्धं पोळ्याच्या पुरणाच्या गुंगीत घरी. पाऊस उघडून ऊन असं पडलं होतं की अंगाला चटके बसत होते. ईश्वरदासची ड्युटी सकाळपासून इतवारीतच होती. गर्दी मोजणारे डबे मधेच बंद पडले तर लगेच चढायला माणूस पाहिजे म्हणून.

दहाच्या पुढे पुष्पलता धावत आमच्या दारात आली. ती नहाणीत गेली आणि बाहेर येते तो दार उघडं, म्हातारी नाही. आम्ही गल्ली पाहिली, देऊळ पाहिलं, बसस्टॉपवर गेलो. स्टॉप ओस. पानठेलेवाला म्हणाला, एक बस नुकतीच गेली, भरून होती, लुगडंवाल्या दोन-तीन बाया होत्या. झालं. दोन्ही वेळा म्हातारी तिकडंच निघाली होती. विणकराची म्हातारी विणकराच्याच गल्लीत जाणार. सगळ्यांना हे इतकं उघड वाटलं की आमच्या मागच्या नव्या लेआउटकडं, त्या रिकाम्या प्लॉटांकडं, कोणी वळलंच नाही. ईश्वरदासला फोन लावला तर ढोलांच्या दणदणाटात त्याला ऐकू जाईना. मी स्कूटर काढली, पुष्पलताला मागं बसवलं आणि कामिनीला घरी ठेवून आम्ही इतवारी गाठली.

गर्दी काय सांगू? माणसाच्या अंगाला माणूस चिकटलेला. लेकरं बापांच्या खांद्यावर, कागदाचे पुतळे, बडगे, नाचवले जातायत, आणि सगळा बाजार एका गळ्यानं ओरडतोय, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" चमकणारं जाकीट घालून ईश्वरदास एका खांबाखाली उभा होता. पुष्पलताला पाहिलं आणि न सांगताच त्याला कळलं. आम्ही एका बंद दुकानाच्या आडोशाला गेलो. त्यानं मिनलला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मोठ्यानं ठेवला.

"मॅडम, माय गेली. फोटो चालवा न."

"घातला काका, आत्ताच घातला. पण रांगेत लागला आहे. गर्दीचं काम पुढे आहे."

"किती वेळ?"

"मिरवणूक संपेपर्यंत काही सांगता येत नाही. सगळ्या शहरातले डबे इकडेच लागले आहेत."

"प्रताप नगरातले तं रिकामे असतीन. तिकडं आज माणूस नाही."

"म्हणूनच तिकडचे सगळ्यात आधी घेतले, काका. जिथे शांत, तिथलं सगळं इकडे."

तो लहान मुलासारखा म्हणाला, "एक खांब सोडा मॅडम. बसस्टॉपजवळचा एकच."

ती म्हणाली, "मला तिथे हात घालता येत नाही. आणि येत असता तरी... काका, दोन्ही मारबती आता समोरासमोर येतील. त्या अरुंद रस्त्यात माणसं किती झाली हे कळायला क्षणभर उशीर झाला तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे. मी काय करू, तुम्हीच सांगा." शेवटच्या शब्दांना ती रडत होती.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ईश्वर, डब्यांची किल्ली तुझ्याजवळ आहे न गा? तोड साऱ्याचे वायर! मोजते कशाले गर्दी, गर्दी तं डोळ्यानं दिसून राहिली!"

त्यानं समोर पाहिलं. एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन नाचत होता, पोरगी टाळ्या वाजवत होती. "चेंगराचेंगरी झाली तं भाऊ?" तो म्हणाला. "ते लेकरू पडलं तं? ती पोरगी चूक नाही बोलत."

मला आजही त्या उत्तराचा राग येतो, आणि आजही त्यात खोट सापडत नाही.

पण नुसतं उभं राहणंही त्याला जमेना. त्यानं एकच गोष्ट केली. तिथून जवळच, गोळीबार चौकाकडच्या त्याच्या जुन्या गल्लीच्या तोंडावरचा डबा मिरवणुकीच्या वाटेपासून आत होता. तो उघडला, बाकीच्या खांबांशी त्याची जोडणी काढली आणि त्याला फक्त आईच्या शोधाला लावलं. मिनलनं फोनवर सांगितलं, "काका, तो एक डबा कमी झाला की त्याचं काम बाकीच्यांवर पडेल. तुमची रांग आणखी लांबेल." तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. माय इकडंच येईन."

त्या डब्याखाली आम्ही दुपारभर बसलो. एकटा पडलेला डबा फार काही करू शकत नव्हता. दर थोड्या वेळानं ईश्वरदासचा फोन थरथरायचा, आणि तो पळत सुटायचा. प्रत्येक वेळी कोणीतरी वाकलेली, लुगडं नेसलेली म्हातारी असायची. त्या भागात अशा म्हाताऱ्यांना तोटा नाही. साऱ्यांच्या पाठी मागावर बसूनच वाकलेल्या. लहान डोक्याला त्या साऱ्या सारख्याच. तो जवळ जाऊन तोंड पाहायचा, हात जोडायचा, परत यायचा. एकदा तर एका आजीनं त्यालाच धरून ठेवलं, "कोनाचा गा तू? पाणी पी." तो पाणीही प्याला, आणि तिच्या दारातच ढसढसा रडला.

गोपिकाबाईची जुनी सोबतीण मीराबाई त्याच गल्लीत राहते. ती म्हणाली, "इकडं नाही आली बाप्पा. आली असती तं माह्याकडं चहा पेली असती." मग म्हणाली, "अन् इकडं आता आहे काय? ना माग, ना सूत. ती काहून येईन?" तिनं हे सहज म्हटलं. आम्ही कोणीच त्यावर थांबलो नाही. इतवारीतल्या चौकीतही सांगून आलो. तिथला हवालदार भला माणूस होता, पण त्याच्यासमोर आधीच हरवलेल्या लेकरांची रांग लागलेली.

दिवस कलता कलता मारबती जाळल्या गेल्या. गर्दी ओसरली, रस्त्यावर चपला आणि गुलाल उरला. आणि ईश्वरदासचा फोन वाजायला लागला. एकामागून एक.

पहिल्याच फोटोत ती होती. चुकीला जागाच नव्हती. वर जागा लिहिलेली: प्रताप नगर, मागचा लेआउट. खाली वेळ: सकाळची. आम्ही घरून निघायच्याही आधीची.

मी कामिनीला फोन केला, "पळ, मागच्या लेआउटात जा, पाणी घेऊन जा!" ती फोन तिथंच टाकून धावली. मी परत लावला तर नुसता वाजत राहिला. म्हातारी इकडं आलीच तर कोणी असावं म्हणून पुष्पलताला मीराबाईजवळ ठेवलेलं होतं. तिला निरोप देऊन मी स्कूटर काढली, ईश्वरदास मागं बसला. मिरवणुकीहून परतणारे ट्रॅक्टर, ढोलवाले, रिक्षे यांनी सगळे रस्ते भरलेले. मी पुढं पाहून गाडी रेटत होतो आणि तो मागून फोनमध्ये पाहून सांगत होता. दिवसभर नुसते साठवलेले फोटो तपासायचं तुंबलेलं काम खांब आता भराभरा उरकत होते.

"माय उभी आहे भाऊ. तिच्या हातात केबल आहे. काळी केबल. जमिनीवर लांबपर्यंत ताणली आहे. मजूर आहेत संग, हसून राहिलेत."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या मागच्या नव्या लेआउटात पुढच्या खांबांसाठी केबल ओढायचं काम चालू होतं. सकाळी मजूर केबल ताणत असणार. तिनं ते पाहिलं असणार. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं, आणि हात कमी पडतायत.

"पाजणी," ईश्वरदास म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्या मजुरांपैकी एक नंतर आम्हाला भेटला. छत्तीसगडचा माणूस, तोही रडला. म्हणाला, अम्मा येऊन खडी हो गई, सिरा पकड लिया, सोडेचना. आम्ही मजूरही हसलो. ठेकेदारानं मारबत पाहायला सुटी दिली, तेव्हा जाताना मी गमतीनं म्हटलं, "अम्मा, पकड़े रहो, हम अभी आए." आम्हाला वाटलं, जाईल आपली घरी.

"आता मजूर नाहीत," मागून आवाज आला. "एकटीच आहे. उभी आहे."

"मंग सोडून काहून नाही देत ती?" मी ओरडलो.

"नाही सोडणार भाऊ. आमच्यात टोक धरलं की मालक सोड म्हणल्याशिवाय सोडाचं नाही. ढील पडली की सारं सूत गुंतते. लहानपणी माह्या हातून एकदा सुटलं होतं तं तिनं मले मारलं होतं."

सिग्नल लागला. मी तोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"पदर घेतला डोक्यावर. उभीच आहे." मग थोड्या वेळानं, "एक मोटरसायकल जाऊन राहिली बाजूनं. थांबला नाही तो." कशाला थांबेल? हातात वायर धरून उन्हात उभं असलेलं माणूस म्हणजे कामावरचं माणूस. त्याला कोण विचारतं, बाई, तू कोण, पाणी प्यालीस का? मीही नसतं विचारलं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

"आता बसली. केबल मांडीवर आहे."

मी हॉर्न दाबून धरला.

"आता..." एवढं म्हणून तो थांबला. फोन थरथरत राहिला, पण तो सांगेना. मी विचारलं, "काय दिसते गा?" तर म्हणाला, "भाऊ, गाडी दाब." त्याच्या कपाळाचा भार माझ्या पाठीवर आला होता.

आमच्या भागात शिरलो तेव्हा तो पुन्हा बोलला. "हा आताचा आहे. आताची वेळ आहे. एक बाई दिसून राहिली तिच्यापाशी. कामिनीवहिनी आहेत."

"काय करून राहिली ती? पाणी पाजून राहिली न?"

"नाही," तो म्हणाला. "नुसती बसली आहे."

मग मी गाडी हळू केली. का केली, सांगता येत नाही.

मागच्या लेआउटचा रस्ता अजून कच्चाच आहे. दोन्हीकडे रिकामे प्लॉट, सावलीला एक झाड नाही, आणि मधोमध ईश्वरदासनंच डबा बसवलेला खांब. त्याच्या बुडाशी कामिनी म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाण्याची बाटली बाजूला, तशीच भरलेली. कामिनीनं माझ्याकडं पाहून मान हलवली.

ईश्वरदास गुडघ्यावर बसला. त्यानं आईच्या गालाला हात लावला. अंग गरम होतं. क्षणभर त्याच्या तोंडावर जी आशा आली ती मी पाहिली, आणि ती मला पाहावी लागली नसती तर बरं झालं असतं. ती ऊब उन्हाची होती.

तिच्या दोन्ही मुठी केबलवर घट्ट होत्या. तो तिच्या कानाशी वाकला. "झालं माय," म्हणाला. "सुकलं. सोड आता." मग तो तिचं एक-एक बोट उचलून मोकळं करायला लागला. सावकाश, दुखेल म्हणून जपून. मी वर खांबाकडं पाहिलं. डबा शांत होता, त्याचा डोळा आमच्याकडंच. दिवसभर तो तिच्या डोक्यावरच होता. डोळा तिच्यावर आणि डोकं इतवारीत. मला त्याला दगड मारावासा वाटला. मारला नाही. त्यालाही बिचाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मिनल होती. ईश्वरदासचे हात गुंतलेले होते, म्हणून मीच बटण दाबून फोन त्याच्या कानाजवळ धरला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. दिवसभराच्या कामातून ती आत्ताच मोकळी झाली होती आणि तिनं पहिला, सकाळचा फोटो तेवढा पाहिला होता.

"काका! सापडल्या! तुमच्या घरामागेच आहेत, उभ्या आहेत, एकदम छान आहेत. हसताहेतसुद्धा. मी सकाळपासून देवाला हात जोडून बसले होते. लवकर जा काका, उन्हात आहेत त्या."

ईश्वरदासनं आईचं शेवटचं बोट सोडवलं आणि तो हात आपल्या हातात घेतला.

"हो मॅडम," तो म्हणाला. "जातो."